लेक ओंटारिओचं पाणी चढतंय? आकडा कसा वाचायचा, कोणाला विचारायचं

टोरांटो, मिसिसागा, ओकव्हिल, पलीकडे अमेरिकेत रॉचेस्टर. या पट्ट्यात सरोवराच्या काठी घर घेणाऱ्या किंवा होडी ठेवणाऱ्या माणसाला पाणी वाढलं की एकच प्रश्न पडतो: खाली धरण आहे ना, मग दरवाजे का उघडत नाहीत? सांगली-कोल्हापूरकरांना हा प्रश्न नवा नाही, आलमट्टीच्या विसर्गावरून दोन राज्यांत हेच चालतं. इथे राज्यांऐवजी कॅनडा आणि अमेरिका हे दोन देश आहेत आणि उत्तर बरंचसं गणितात आहे. कोणावर चिडायचं ते ठरवण्याआधी आकडा वाचता यायला हवा.

आकडा कुठल्या शून्यावरून मोजलाय, ते पाहा

बातम्यांत येणारी पातळी, समजा 75.1 मीटर, ही समुद्रसपाटीच्या हिशेबाने असते. दोन्ही देशांनी त्यासाठी 1985चा सामाईक संदर्भ धरला आहे आणि त्याचं शून्य क्वेबेकमधल्या रिमूस्कीला आहे. अमेरिकी बाजू तोच आकडा फुटांत देते. मीटरना 3.281ने गुणलं की ताळा जमतो.

होडीच्या नकाशावरची खोली मात्र या शून्यावरून नसते. तिचा पाया 74.2 मीटर. नकाशात 1.5 मीटर खोली छापली असेल आणि आजची पातळी 74.5 असेल, तर प्रत्यक्षात 1.8 मीटर पाणी आहे. होडी 1.6 मीटर बुडत असेल तर तळाखाली उरतात जेमतेम 20 सेंटिमीटर. एवढ्या भरवशावर ऑक्टोबरनंतर होडी धक्क्याला ठेवू नये. पातळी साधारण जूनमध्ये सर्वांत वर असते आणि डिसेंबर-जानेवारीत तळ गाठते.

दुसरी गोष्ट, तो आकडा सरासरीचा आहे. टोरांटो, पोर्ट वेलर, कोबर्ग, किंग्स्टन, ऑस्वेगो आणि रॉचेस्टर या सहा केंद्रांवरून तो काढतात. सरोवर 311 किलोमीटर लांब, पूर्व-पश्चिम पसरलेलं. पश्चिमेचा जोराचा वारा लागला की पाणी किंग्स्टनच्या बाजूला ढकललं जातं आणि पश्चिम टोकाला उतरतं. सरासरी जागची हललेली नसते, तरी एका काठावर अंगणात पाणी आणि दुसऱ्या काठावर होडी गाळात, असं होऊ शकतं. म्हणून सरासरीबरोबर तुमच्या जवळच्या केंद्राचा तासागणिक आकडा आणि वाऱ्याचा अंदाजही पाहा.

एक सेंटिमीटरचा हिशेब

सरोवराचं क्षेत्रफळ सुमारे 19,000 चौरस किलोमीटर. त्यावरचा एक सेंटिमीटर थर म्हणजे 19 कोटी घनमीटर पाणी. ते एका आठवड्यात बाहेर काढायचं तर विसर्ग सेकंदाला सुमारे 314 घनमीटरने, म्हणजे 11 हजार क्युसेकने वाढवावा लागतो. हे पाणी सेंट लॉरेन्स नदीतून माँट्रियलजवळच्या लेक सेंट लुईमध्ये पोचतं, आणि तिथली पातळी त्याने साधारण दहा-बारा सेंटिमीटर चढते. तुमच्या अंगणातलं बोटभर पाणी उतरवण्यासाठी खालच्या माणसाच्या घरात वीतभर पाणी घालायचं का, हा खरा वाद आहे.

आवकेवर तर कोणाचाच हात नाही. येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे चार पंचमांश लेक एरीतून नायगारामार्गे येतं, आणि एरीचा विसर्ग नियंत्रित करणारं धरण नाही. पाच महासरोवरांपैकी फक्त सुपीरियर आणि ओंटारिओ यांचाच विसर्ग माणूस ठरवतो.

विसर्ग कोण ठरवतं

1909च्या सीमाजल करारातून इंटरनॅशनल जॉइंट कमिशन आलं. सहा आयुक्त, प्रत्येक देशाचे तीन. त्याच्या हाताखालचं लेक ओंटारिओ–सेंट लॉरेन्स मंडळ दर आठवड्याचा विसर्ग ठरवतं, आणि तो कॉर्नवॉल आणि मसीना यांच्यामधल्या मोझेस-सॉन्डर्स धरणातून सुटतो. धरण सरोवराच्या तोंडाशी नाही, ते सुमारे 160 किलोमीटर खाली आहे. जानेवारी 2017पासून हे काम ‘प्लॅन 2014’ या विसर्गाच्या नियमावलीप्रमाणे चालतं. मंडळाचं आठवड्याचं पत्रक उघडलंत तर त्यात कोणती मर्यादा लागू आहे ते शोधा, ‘का सोडत नाहीत’चं उत्तर बहुधा तिथेच असतं.

हिवाळ्यात बर्फाची मर्यादा. नदीवर बर्फ धरू लागला की विसर्ग 6,230 घनमीटर प्रतिसेकंदापर्यंत खाली आणतात. लोकांना हे उलटं वाटतं, पण प्रवाह जोराचा राहिला तर बर्फाची सलग, घट्ट चादर बनत नाही. सुटे तुकडे एकमेकांवर चढतात, पात्रात बोळा बसतो आणि मग महिनोन् महिने हवं तेवढं पाणी काढताच येत नाही.

वसंतात पुराची मर्यादा. ओटावा नदीला बर्फ वितळल्याचा लोंढा येतो आणि ती माँट्रियलपाशी मिळते. लेक सेंट लुईची पातळी किती चढू द्यायची ते ओंटारिओ किती भरलंय त्यावर ठरतं: 22.10 मीटरपासून टप्प्याटप्प्याने 22.48पर्यंत. म्हणजे वरचा जितका बुडतो तितकी खालच्यालाही झळ सोसावी लागते. पुढे उन्हाळ्यात नौकानयनाची मर्यादा आड येते, कारण प्रवाह फार वाढला की मालवाहू जहाजं ताब्यात राहत नाहीत.

2017 आणि 2019 मध्ये उन्हाळ्यात विसर्ग 10,400 घनमीटर प्रतिसेकंदापर्यंत, म्हणजे जवळपास 3 लाख 67 हजार क्युसेकपर्यंत नेला. तरीही 2017 मध्ये पातळी 75.88ला आणि 2019 मध्ये 75.92 मीटरला टेकलीच. पहिला पूर नव्या योजनेच्या पहिल्याच वर्षी आला, त्यामुळे खापर तिच्यावर फुटलं. वरचं गणित मांडून पाहिलं की ते पुरतं पटत नाही.

तक्रार कुठे

पातळीबद्दल लिहायचं ते मंडळाला. पत्रात जागा, तारीख, वेळ, त्या वेळी जवळच्या केंद्राची पातळी आणि पाणी कुठवर आलं त्याचा फोटो द्या. ‘फार पाणी आलं’ एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही. करारातला अग्रक्रमही ठाऊक असू द्या: आधी घरगुती व आरोग्यविषयक वापर, मग नौकानयन, मग वीज आणि सिंचन. काठावरची घरं या यादीत नाहीत, पण प्रकल्पामुळे ज्यांना इजा होईल त्यांच्या संरक्षणाची तरतूद त्याच कलमात आहे, पत्रात बोट तिथेच ठेवा. पाण्याच्या प्रदूषणाचा विषय 1972च्या वेगळ्या करारात येतो, तो या पत्रात घुसडू नका.

घर घेण्याआधी

ओंटारिओ प्रांतात काठावरचं बांधकाम स्थानिक कॉन्झर्व्हेशन ऑथॉरिटीच्या (त्या भागातलं पाणलोट क्षेत्र सांभाळणाऱ्या संस्थेच्या) परवानगीवर अवलंबून असतं. भिंत, जेटी, भराव, सगळंच आलं. तिथे तीन रेषा विचारा. पुराची रेषा: शंभर वर्षांतून एकदाची पातळी, अधिक लाटांसाठी तिथून जमिनीकडे सहसा 15 मीटर अंतर. धूप: कड्याचा 3 आडवा–1 उभा स्थिर उतार, अधिक शंभर वर्षांत किनारा किती मागे सरेल तेवढं अंतर. वाळूचा किनारा असेल तर पुराच्या रेषेपासून जमिनीकडे आणखी 30 मीटर. घर या धोक्याच्या पट्ट्यात येतंय का ते सही करण्याआधी लेखी घ्या. एजंटचं ‘इथे कधीच पाणी येत नाही’ हे 2019च्या जूनमधला फोटो पाहिल्याशिवाय मानू नका.

विम्याचं कलम शब्दन् शब्द वाचा. कॅनडात साध्या घरविम्यात पुराचं पाणी सहसा धरलेलं नसतं. जादा कलम घेतलं तरी त्यात सरोवराचं पाणी येतं का ते वेगळं विचारावं लागतं. अमेरिकेच्या सरकारी पूरविम्याला साधारणपणे 30 दिवस थांबावं लागतं, त्यामुळे मे महिन्यात पातळी चढताना पाहून अर्ज केलात तर जूनचं शिखर बहुधा विम्याविनाच जाईल.