टीव्हीसाठी छोटा साउंडबार घ्यायचाय? आधी टीव्हीच्या मागे बघा

आमच्याकडे टीव्ही लागला की रिमोट बाबांच्या हातातून खाली यायचाच नाही. दोन माणसं हळू बोलायला लागली की आवाज ३५ वर, मध्येच म्युझिक दणकन सुरू झालं की घाईघाईने १५ वर, परत बोलणं आलं की परत ३५. आम्हाला वाटायचं बाबांना कमी ऐकू येतंय. मग एकदा मी त्यांच्या शेजारी बसून नीट कान देऊन ऐकलं तर मलाही तो माणूस सात हजार म्हणाला की साठ हजार ते कळेना. बाबांचे कान ठीक होते, टीव्हीच तसा वाजत होता.

टीव्ही जेवढा पातळ तेवढी आत स्पीकरला जागा कमी, आणि समोरून नुसती स्क्रीन दिसावी म्हणून बऱ्याच टीव्हीत स्पीकरचं तोंड खाली नाहीतर मागे केलेलं असतं. म्हणजे आवाज आधी टेबलावर किंवा भिंतीवर आपटणार आणि मग आपल्यापर्यंत येणार. त्यात स, श, त, ठ, क ही व्यंजनं मुळात बारीक, जोर सगळा स्वरांमध्ये असतो पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून, आणि या धडपडीत पहिली हरवतात ती व्यंजनंच. आवाज वाढवला की सगळंच वाढतं, शब्द काही सुटा होत नाही. साउंडबार म्हणजे टीव्हीसमोर ठेवायची स्पीकरची लांबट पट्टी, तिचे स्पीकर सरळ तुमच्याकडे तोंड करून असतात, म्हणून ६० सेंमीचा छोटासा बारसुद्धा केवढातरी फरक पाडतो. त्यामुळे निवडताना बोलणं किती स्वच्छ येतं हीच पहिली परीक्षा धरा, वॉट आणि डॉल्बीचे स्टिकर त्याच्यानंतर.

खरेदीला निघायच्या आधी टीव्हीच्या मागे मोबाइलचा टॉर्च मारून सगळ्या सॉकेटचा एक फोटो काढून ठेवा. एचडीएमआयची दोन-तीन सॉकेट दिसतील, त्यातल्या एकाच्या बाजूला बारीक अक्षरात एआरसी (ARC) किंवा ईएआरसी (eARC) लिहिलंय का ते बघा. असेल तर निम्मं काम झालं. एआरसी म्हणजे ऑडिओ रिटर्न चॅनल, २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलेली सोय. एरवी एचडीएमआयच्या वायरीतून चित्र आणि आवाज टीव्हीत येतो, इथे त्याच वायरीतून टीव्हीचा आवाज उलट बाहेर बारकडे जातो, मग तो सेट टॉप बॉक्सचा असो नाहीतर टीव्हीतल्या ॲपचा. पण खरा फायदा पुढे आहे, टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमीजास्त होतो आणि टीव्ही चालू केला की बार आपोआप चालू होतो. घरात वयस्कर माणसं असतील तर निव्वळ एवढ्यासाठी एआरसीवाला बार घ्या असं मी सांगेन, कारण दोन रिमोट झाले की चार दिवसांत बार बंद पडून राहतो आणि टीव्ही पुन्हा स्वतःच्याच स्पीकरवर वाजायला लागतो. ईएआरसी ही त्याची पुढची पायरी, त्यातून जास्त डेटा जातो, छोट्या बारला त्याची फारशी गरज पडत नाही, आणि टीव्हीला ईएआरसी अन् बारला साधं एआरसी असलं तरी एरवी चालून जातं.

एआरसी नसेल तर ऑप्टिकल शोधा, छोटं चौकोनी सॉकेट असतं, तोंडाशी झडप आणि टीव्ही चालू असताना आत लाल उजेड. यातून आवाज अगदी स्वच्छ जातो, साधा स्टीरिओ किंवा ५.१ डॉल्बी डिजिटल म्हणजे सिनेमाचा सहा चॅनलचा आवाज, फक्त रिमोटचं ते सुख नाही. तेही नसेल तर हेडफोनच्या भोकातून ३.५ एमएमची वायर, काम भागतं. ब्लूटूथ मात्र शेवटचा पर्याय ठेवा, त्यात आवाज आधी दाबून, पाठवून, परत उलगडावा लागतो आणि तो उशिरा पोचतो, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. मोबाइलवरून गाणी लावायला ब्लूटूथ मस्त आहे, टीव्हीसाठी नाही.

मग तेच सॉकेट बारला पण आहे ना ते बघायचं. स्वस्तातल्या बऱ्याच बारना नुसतं ब्लूटूथ आणि ऑक्स (३.५ एमएमच्या वायरीचं भोक) असतं, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात एचडीएमआय छापलं असेल तरी एआरसी आहे का ते स्पेसिफिकेशनमध्ये वाचूनच पैसे द्या. यूएसबी दिसलं म्हणून टीव्हीची वायर तिथे जोडता येईल असं समजू नका, ते बहुतेक पेन ड्राइव्ह लावायला नाहीतर अपडेटसाठी असतं.

आता टेप घ्या आणि मोजा. ३२ इंची टीव्ही साधारण ७० सेंमी रुंद असतो, ४३ इंची ९५ च्या आसपास, पण रुंदीपेक्षा महत्त्वाची मापं दोन, टीव्हीच्या दोन पायांमधलं अंतर आणि टेबलापासून स्क्रीनच्या खालच्या कडेपर्यंतची उंची. बार जास्त उंच असला तर स्क्रीन झाकेल किंवा टीव्हीचा रिमोट जिथे सिग्नल घेतो तो सेन्सर झाकेल, आणि मग रिमोट डोक्यावर धरून बटणं दाबत बसावं लागतं. मी आवडलेल्या बारच्या मापाचा पुठ्ठा कापला, दुमडून टीव्हीसमोर उभा केला आणि दोन दिवस तसाच ठेवला. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की सेन्सर बरोब्बर मधोमध आहे आणि तो बार दोन सेंमी उंच पडतोय.

बारच्या खोक्यावरच्या आकड्यांचं आता. २.० म्हणजे डावा-उजवा, २.१ म्हणजे त्याच्यासोबत बेससाठी सबवूफर, ३.१ म्हणजे मध्ये एक वेगळा सेंटर स्पीकर, आणि तिसरा आकडा असेल, म्हणजे ३.१.२ वगैरे, तर तो वरच्या दिशेने वाजणाऱ्या स्पीकरचा. सिनेमाच्या ५.१ आवाजात बहुतेक डायलॉग सेंटर चॅनलमध्येच असतात, म्हणून छोट्या आकारात सेंटरवाला बार मिळत असेल आणि बजेटमध्ये बसत असेल तर तोच घ्या. नसेल तर २.० किंवा २.१ घ्या पण त्यात व्हॉइस किंवा डायलॉग मोड हवाच, आणि नाइट मोड असेल तर फारच छान, तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर उचलतो, म्हणजे बाबा जे दिवसभर रिमोटने करत होते ते बार स्वतःच करतो.

वॉटच्या मागे लागू नका. वॉट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल एवढाच, आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला वॉट साधारण दहापट लागतात. त्यामुळे ६० आणि १०० वॉटमधला फरक कागदावर दिसतो तेवढा कानाला लागत नाही. पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) लिहून हजारांत आकडा दिला असेल तर तो सोडून द्या, आरएमएस म्हणजे सतत पेलणारे वॉट किती ते विचारा. ॲटमॉसचंही, म्हणजे डॉल्बीच्या डोक्यावरूनही आवाज देणाऱ्या पद्धतीचंही, तसंच, छोट्या बारवर ॲटमॉस लिहिलं असेल तर बऱ्याचदा एवढाच अर्थ की त्याला तो सिग्नल समजतो. डोक्यावरून आवाज यायचा तर वर तोंड केलेले स्पीकर लागतात आणि वर सपाट, कडक छत लागतं, नुसत्या त्या नावासाठी जास्त पैसे घालवू नका.

सबवूफर हवा का? छोट्या बारमध्ये स्पीकरही छोटे, खालचा घुमारा त्यांना जमत नाही, सिनेमे आणि गाणी जास्त असतील तर वेगळा सब घ्या. बातम्या, सिरियल आणि क्रिकेट एवढंच असेल तर बिनसबचा एकच बार पुरतो, आणि खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर त्यांच्याही झोपेचा विचार करा, बेस भिंतीतून आणि फरशीतून आरपार जातो.

दुकानात ऐकायला मिळालं तर ते जे लावतील ते ऐकू नका, त्या क्लिप धमाका दाखवायलाच असतात. बातम्या लावायला सांगा, आवाज अगदी कमी करा आणि चार पावलं मागे जाऊन उभे राहा. कमी आवाजातही प्रत्येक शब्द सुटा कळला तर बार चांगला. आणि बारवर आवाजाचा आकडा दिसतो का तेही बघून घ्या, नुसते रंगीत दिवे असतील तर कुठला दिवा म्हणजे काय हे रोज आठवावं लागतं.

बार घरी आला की टेबलाच्या पुढच्या कडेला आणून ठेवा, कडेच्या किंचित पुढे असला तरी चालेल पण मागे सरकवू नका, कारण मग समोरच्या रिकाम्या फळीवर आवाज आपटतो आणि परत तोच गिचका होतो. बंद कप्प्यात तर नकोच. बसल्यावर कान असतात त्या उंचीच्या जवळपास असला तर उत्तम, फार खाली असेल तर पुढून रबराचे दोन तुकडे देऊन तोंड जरासं वर करा. भिंतीवर लावायचा असेल तर खोक्यात भोकांचा कागदी नकाशा येतो, तो आधी चिकटपट्टीने लावून दुरून बघा, आणि ड्रिल करण्यापूर्वी वायर मागून वाकून बाहेर यायला जागा उरते का ते तपासा.

एचडीएमआयची वायर टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्याच सॉकेटमध्ये, आणि बारच्याही एआरसी किंवा टीव्ही आउट लिहिलेल्याच सॉकेटमध्ये. बाजूच्या सॉकेटमध्येही ती तितकीच छान बसते पण आवाज येत नाही, सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. ऑप्टिकल असेल तर वायरीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकचं इवलंसं टोपण असतं ते काढायचं. ओळखीतले एक काका बार खराब निघाला म्हणून परत करायला निघाले होते, वायर काढून बघितली तर ते टोपण तसंच, नखाने ओढून काढलं, वायर कट्ट आवाज येईपर्यंत आत सारली आणि बार बोलायला लागला.

मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. साउंड आउटपुटमध्ये एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल निवडा. सीईसी, म्हणजे एचडीएमआयच्या वायरीतून टीव्ही आणि बार एकमेकांना हुकूम देतात ती सोय, चालू करा, त्याला प्रत्येक कंपनीचं वेगळं नाव, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, हे चालू नसेल तर टीव्हीच्या रिमोटने बारचा आवाज बदलणार नाही. डिजिटल आउटपुटमध्ये आधी ऑटो ठेवून बघा, एखाद्या चॅनलला किंवा ॲपला आवाजच गायब होत असेल तर पीसीएम (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) करा, २.० आणि २.१ बारला पीसीएमने काही बिघडत नाही. आणि टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद झालेत ना ते खात्री करून घ्या, दोन्ही एकदम चालू राहिले की आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो.

सब असेल तर तो टीव्हीच्याच बाजूच्या भिंतीला ठेवून सुरुवात करा. कोपऱ्यात नेला की बेस वाढतो, जास्तच घुमायला लागला तर कोपऱ्यापासून थोडा थोडा बाहेर ओढत या. सबचा आवाज आधी शून्यावर नेऊन हळूहळू वाढवा, आणि बोलणाऱ्याचा आवाज छातीतून आल्यासारखा जड झाला की दोन पायऱ्या मागे.

ओठ आणि आवाज जुळतात का ते बघायला बातम्या वाचणाऱ्याच्या प, ब, म या अक्षरांवर नजर ठेवा, ही ओठ मिटल्याशिवाय निघतच नाहीत, त्यामुळे पाव सेकंदाची चूकसुद्धा लगेच दिसते. शब्द ओठांच्या आधी येत असेल तर बारमध्ये ऑडिओ सिंक किंवा डिले असेल तो थोडाथोडा वाढवा. उशिरा येत असेल तर डिले वाढवून आणखी उशीर होईल, त्यापेक्षा टीव्ही आणि बार दोन्हीकडचे डिले शून्यावर आणा, आउटपुट पीसीएम करून बघा, आणि चुकून ब्लूटूथवर तर जोडलेलं नाही ना ते तपासा.

मोड निवडताना पहिला आठवडा व्हॉइस किंवा स्टँडर्डवरच ठेवा. सराउंड मोड लावला की आवाज खोलीभर पसरल्यासारखा वाटतो पण बोलणं पातळ होतं, तो सिनेमापुरता ठेवा.

कधीतरी असं होतं की काल चालू होतं आणि आज एआरसीवर आवाजच नाही. लगेच रिसेट मारू नका, सगळ्या सेटिंग परत कराव्या लागतात. टीव्ही आणि बार दोघांचे प्लग भिंतीतून काढा, नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही, दोन मिनिटं थांबा, आधी टीव्ही लावा, तो पूर्ण चालू झाला की मग बार. बहुतेक वेळा एवढ्यानेच दोघं एकमेकांना परत ओळखतात. नाही ओळखलं तर एचडीएमआयची वायर बदलून बघा, आणि तरीही अडलं तर टीव्ही आणि बार दोघांचं सॉफ्टवेअर अपडेट आलंय का ते शोधा.