जीवनसत्त्वापासून एन्झाइमचा इनहिबिटर बनवताना या चुका टाळा

फॉलिक आम्ल या ब जीवनसत्त्वाच्या टेरिडिन कड्यात चौथ्या जागी ऑक्सिजन असतो. त्याजागी अमिनो गट आला की अमिनोप्टेरिन होतं, आणि पुढे दहाव्या नत्रावर मिथाइल गट चढवला की मेथोट्रेक्सेट. कागदावर फरक इतकासाच. पण डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे एन्झाइम या रेणूंना एवढं घट्ट धरतं की खरा सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो फोलेट रेणू (फॉलिक आम्लाचं पेशीतलं रूप), बाहेरच राहतो. 1948 साली सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांवरचे अमिनोप्टेरिनचे परिणाम प्रसिद्ध केले. तो रेणू यल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या लेडर्ली प्रयोगशाळेचं संशोधन सांभाळत, तिथून आला होता.

या यशामुळे वाटतं, की जीवनसत्त्वातला एखादा अणू बदलला की इनहिबिटर, म्हणजे एन्झाइमला अडवणारा रेणू, तयार. तसं होत नाही, आणि बहुतेक प्रयोग अडतात ते याच समजुतीपायी.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बाटलीतल्या जीवनसत्त्वालाच एन्झाइमचा जोडीदार समजणं. बहुतेक ब जीवनसत्त्वं पेशीत गेल्यावर रूप बदलतात आणि मगच कामाला लागतात. थायमिनचं डायफॉस्फेट होतं, पायरिडॉक्सिनपासून पायरिडॉक्सल फॉस्फेट. त्यामुळे ऑक्सिथायमिन ही थायमिनची नक्कल थेट शुद्ध ट्रान्सकेटोलेजवर (थायमिन डायफॉस्फेट लागणाऱ्या एन्झाइमवर) टाकली आणि काही घडलं नाही, तर रेणू निकामी ठरत नाही. त्याचं डायफॉस्फेट करून पाहायला हवं. तेही आधी, को-एन्झाइम (एन्झाइमचा मदतनीस रेणू, इथे थायमिन डायफॉस्फेट) काढून टाकलेल्या एन्झाइमसोबत थोडा वेळ ठेवून. खरं डायफॉस्फेट एकदा जागेवर बसलं की सहजी हलत नाही, आणि मागून आलेल्या नकलेला जागाच उरत नाही.

याच कारणाने फॉस्फेट जिथे जोडलं जातं तो हायड्रॉक्सिल गट शक्यतो बदलू नका. तो झाकला तर पेशीतलं फॉस्फेट जोडणारं एन्झाइम, म्हणजे कायनेज, रेणूला हातच लावू शकत नाही. फोलेटच्या ग्लुटामेट शेपटीचंही तसंच. मेथोट्रेक्सेटला पेशीत आणखी ग्लुटामेट जोडली जातात, म्हणून ते आत टिकून राहतं.

रचना सारखी म्हणून रेणू बसतोही सारखाच, हे गृहीत धरणं चूक. मेथोट्रेक्सेटचं टेरिडिन कडं एन्झाइमच्या खोबणीत फोलेटच्या तुलनेत जवळजवळ 180 अंशांनी उलटं बसतं. संगणकावर नवा रेणू जुन्याच्या सावलीत बसवून पुढचे बदल ठरवले, तर सगळा आराखडाच उलटा होतो.

मोजमापातला घोटाळा मात्र लवकर लक्षात येत नाही. 340 नॅनोमीटरवर एनएडीपीएच (या अभिक्रियेत खर्च होणारा रेणू) कमी होताना पाहून आयसी-50 (एन्झाइमचं काम निम्म्यावर आणणारी सांद्रता) काढलं, एन्झाइम 10 नॅनोमोलर घेतलं, आणि एकामागून एक सगळे चांगले रेणू 5 नॅनोमोलरच्या आसपास अडले. ते रेणू सारखे नाहीत. मापनाची तळाची मर्यादाच तेवढी आहे. निम्मं एन्झाइम अडवायला तेवढे रेणू लागणारच. एन्झाइमचं प्रमाण बदलून पाहा. आयसी-50 त्यासोबत सरकलं तर नेहमीचं सूत्र बाजूला ठेवून घट्ट बसणाऱ्या इनहिबिटरसाठीचं मॉरिसनचं समीकरण वापरा.

उलट प्रकारही घडतो. अगदी कमकुवत रेणूच्या नमुन्यात आधीच्या टप्प्यातलं एक टक्का घट्ट बसणारं संयुग उरलं असेल, तर दिसणारा सगळा परिणाम त्या एक टक्क्याचा असू शकतो. एचपीएलसीने (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या तंत्राने) पुन्हा शुद्ध करा आणि मग मोजा. फोलेटसारखे रेणू उजेडात तुटतात, म्हणून बाटली झाकून ठेवा. मेथोट्रेक्सेट साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, सौम्य अल्कलीत विरघळतं. न विरघळलेले कण खाली बसले तर सांद्रतेचा आकडा खोटा ठरतो. हे पेशीनाशक रेणू आहेत, त्यामुळे वजन करताना हातमोजे आणि फ्यूम हूड हवेच.

शुद्ध एन्झाइमवर उत्तम चाललेला रेणू पेशींवर थंड पडला, तर आधी माध्यम तपासा. सीरममध्ये थायमिडिन आणि हायपोझॅन्थिन ही डीएनए बनवायला लागणारी द्रव्यं असतात. ती पेशींना आयती मिळाली की फोलेटचा मार्ग बंद असूनही त्या वाढत राहतात. डायलाइझ केलेलं (लहान रेणू काढून टाकलेलं) सीरम वापरा. मग हीच जोडी मुद्दाम परत घाला. पेशी वाचल्या, तर घाव फोलेटच्या मार्गावरच पडला आहे. ल्युकोव्होरिनने (फोलेटच्याच एका रूपाने) वाचल्या म्हणून लगेच खूश होऊ नका. ते मेथोट्रेक्सेटच्याच वाहकातून आत शिरतं, त्यामुळे कदाचित त्याने इनहिबिटरला दारातच अडवलेलं असतं.