खिडकीवरून महिन्याच्या गोळ्या कशा घ्याव्या

वर्धा जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत औषधं वाटायच्या खिडकीमागं माझी तीस वर्षं गेली. आता रिटायर होऊन घरची पऱ्हाटी पाहतो, तरी सकाळी ओट्यावर कोणी ना कोणी चिठ्ठी घेऊन येतंच. "भाऊ, हे दवाई फुकट भेटते, का कार्ड लागते?" त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो.

आधी कार्डाची धास्ती सोडा. १५ ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात केसपेपरपासून औषधापर्यंत पैसे लागत नाहीत. रेशनकार्ड पिवळं की पांढरं, हा प्रश्नच नाही. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय मात्र वेगळ्या खात्याखाली येतं. तिथं जाताना थोडे पैसे खिशात असू द्या.

जाताना जुना केसपेपर आणि गोळ्यांची रिकामी पट्टी न्या. "बीपीची पांढरी गोळी" म्हणाल तर आतल्या माणसाला काही कळत नाही, अर्धं कपाट पांढऱ्या गोळ्यांचंच असतं. खासगी डॉक्टर कंपनीचं नाव लिहितो, खिडकीवर औषधाचं मूळ नाव चालतं. पट्टीच्या मागं बारीक अक्षरात ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन असं काहीतरी असतं, पुढं ५ किंवा ५०० असा आकडा. तेवढं दिसलं की काम झालं. बाजाराच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी सगळा पंचक्रोशीचा खोकला तिथं जमतो.

आता मुद्द्याची गोष्ट. बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या मागा. बीपीचा सरकारी कार्यक्रम राज्यात सुरुवातीला ज्या चार जिल्ह्यांत आला, त्यांत वर्धा आणि भंडारा होते, आणि एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या ही त्याची रीतच आहे. साठा कमी असला की आतला माणूस पाच-सात दिवसांच्या देऊन वाटेला लावतो. मीही तसं केलं आहे, खोटं कशाला बोलू? पण वेचणीच्या दिवसांत महिन्यात चार चकरा म्हणजे चार दिवसांची मजुरी, वरून ऑटोचं भाडं. गोळी स्वस्त, चक्कर महाग. म्हणून नम्रपणे पण अडून विचारा, "साहेब, उरलेल्या कधी येऊ, ते केसपेपरवर लिहून द्या." लिहायची वेळ आली की कपाटातून आणखी दोन पट्ट्या निघतात, हा माझा स्वतःवरचाच अनुभव.

औषध नाहीच म्हणाले तर थेट मेडिकलवर पळू नका. आधी वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटा. बाहेरची चिठ्ठी न देता रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून तिथंच खरेदी करून द्यावं, अशीच अपेक्षा आहे. तेही जमलं नाही तर तालुक्याला जनऔषधी दुकान आहे का पाहा.

ओट्यावर हे सांगताना एकजण हटकून म्हणतो, "पन्नास एकरवाल्याले काहून फुकट? त्याच्याकडून घ्या ना पैसे." बोलायला बरं वाटतं. पण खिडकीवर पन्नास एकर ओळखायचं कसं? भरती होऊन घ्यायच्या मोठ्या उपचारांची योजना, म्हणजे आताची महात्मा फुले जन आरोग्य योजना, आधी कार्डाच्या रंगावर चालायची. पांढरं कार्ड असलं तर आपल्यासारख्या शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला सातबारा दाखवावा लागे. एक बाई माझ्याकडं आली होती. घरची चार एकर, पण कार्ड पांढरं, कारण दीर नोकरीवर आणि कार्ड एकत्र. सातबारा मेलेल्या सासऱ्याच्या नावावर. मी तिला तलाठ्याकडं पाठवलं. वारसाची नोंद करायची तर नोटीसचेच पंधरा दिवस, आणि नवऱ्याच्या छातीतली कळ काही पंधरा दिवस थांबणारी नव्हती. उभी तूर व्यापाऱ्याला बोलून पैसे उभे केले. श्रीमंताला गाळायला लावलेल्या चाळणीत हीच अडकली.

माझी पुतणी इंग्लंडात नर्स आहे. तिकडंही हेच भांडण, म्हणते. वेल्सनं २००७ मध्ये औषधाच्या चिठ्ठीचे पैसे घेणं बंद केलं. इंग्लंड अजून घेतं आणि कोणाला माफ, याची लांबलचक यादी सांभाळत बसतं. ऐपतीप्रमाणं घेणं जमलेलं मी एकच पाहिलं, आपल्या सेवाग्रामच्या दवाखान्याचं. गावकरी सुगीला ज्वारी जमा करायचे, ज्याची शेती जास्त त्याची ज्वारी जास्त, आणि दवाखाना सगळ्यांना सारखा. पण तिथं माप गावाच्या डोळ्यांसमोर व्हायचं, म्हणून लपवायची सोय नव्हती. आणि ती वसुली सुगीला व्हायची, आजारपणात नाही.

१ जुलै २०२४ पासून महात्मा फुले योजना सगळ्या कार्डांना खुली झाली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ती भरती होऊन घ्यायच्या उपचारांची आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, गाठा, नाही सापडला तर १५५३८८ वर फोन करा. कार्डावर "शांता" आणि आधारवर "शांताबाई" असेल तर आजच दुरुस्त करा, स्ट्रेचरवर पडल्यावर नाही. धर्मादाय रुग्णालयात निर्धनांसाठी १० टक्के आणि दुर्बलांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात. तिथं मात्र तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला कामी येतो. उन्हाळ्यात रिकामपण असतं, तेव्हाच काढून ठेवा.

आणि खिडकी सोडायच्या आधी पट्ट्या मोजा. दिवसाला एक गोळी असेल तर दहा-दहाच्या तीन. तारीख पाहा. मागचा माणूस ढकलत असला तरी मोजा.