अडीच सूत आणि आठ एमएम: बीएसए एम२० चे पार्ट शोधताना मी काय माती खाल्ली

गाडी आजोबांची नाही, आधीच सांगून टाकतो, कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. मिरजेजवळ एका गोठ्यात वैरणीच्या आड उभी होती, बीएसए एम२०, जुनी ब्रिटिश मोटरसायकल, ४९६ सीसी, साइड वाल्व, पुढं चाक धरायला गर्डर फोर्क, इंजिन नंबरच्या सुरवातीला डब्ल्यूएम२० म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. २०१७ ला घेतली, २०२३ ला पहिल्यांदा सुरू झाली. मधली सहा वर्षं कुठं गेली ते लिहितोय, कारण आता नवीन पोरं मला विचारायला लागलीत की दादा पार्ट कुठून मिळवले, आणि मला दरवेळी वाटतं की कुठून हे विचारूच नका रे, कोणता ते विचारा.

पार्ट मिळत नाहीत ही अफवा आहे. युद्धात बीएसएनं या मॉडेलच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या काढल्या, त्यातल्या कितीतरी इकडं आल्या आणि नंतर लिलावात गेल्या. इंग्लंडमध्ये तर आजही या गाडीचं जवळपास सगळं नवीन बनवून मिळतं. मिळतं भरपूर, बसत नाही. सगळं दुखणं तिथंच आहे.

तर माझा खड्डा. क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या केसच्या, एका स्टडचा (दोन्ही टोकांना आटे असलेला, डोकं नसलेला बोल्ट) नट गायब होता. अडीच सुती स्टड, म्हणजे ५/१६ इंच. मी कोल्हापुरात एका दुकानात गेलो, काउंटरवरच्या माणसानं स्टडचा फोटो बघितला, म्हणाला अडीच सूत म्हणजे आठ एमएम, एकच आहे, बारीक आट्याचा देतो. दिला. घरी येऊन लावला तर हातानं तीन-चार आटे मस्त फिरला, मग जड झाला. मला वाटलं ऐंशी वर्षांचा गंज आहे, थोडं तेल सोडलं, पाना लावला, तरी जड, मग पान्याला पाइप लावला. पाइप लावला तिथंच मी संपलो. करकर आवाज आला आणि नट एकदम लोण्यासारखा फिरायला लागला. आटे गेले. स्टडचे पण आणि माझ्या डोक्याचे पण.

आता हे का झालं ते जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. आठ एमएमचा बोल्ट ८ मिमी. डोळ्याला फरक दिसणं शक्यच नाही. पण जाडी सारखी असली म्हणून आटा सारखा होत नाही. एकट्या अडीच सुतातच इंग्रज न् अमेरिकनांनी मिळून चार प्रकार करून ठेवलेत: बीएसडब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ, त्यात एका इंचात १८ आटे, बीएसएफमध्ये २२, अमेरिकन यूएनएफमध्ये २४ आणि सायकल थ्रेड, ज्याला सीईआय म्हणतात, त्यात २६. वर कोनाचा घोळ वेगळाच, व्हिटवर्थ आणि बीएसएफचा कोन ५५ अंश, सायकल थ्रेडचा आणि मेट्रिकचा ६०. बीएसएच्या गाडीत लोखंडाला लोखंड जिथं येतं तिथं बहुतेक २६ वाला सायकल थ्रेड असतो. आणि आठ एमएमचा बारीक आटा १ मिमीचा, म्हणजे इंचात साधारण साडेपंचवीस. २६ आणि साडेपंचवीस! कोनही तोच ६० चा. म्हणून तो सुरवातीला प्रेमानं बसतो. एका आट्याला केसाएवढाही फरक नाही, पण तो साठत जातो आणि पाचव्या-सहाव्या आट्याला नट अडकतो. साधा जाड आट्याचा आठ एमएम दिला असता तर तो दुसऱ्या आट्यालाच अडला असता आणि मी वाचलो असतो.

गोष्ट इथं संपली असती तरी चाललं असतं. मी स्टड काढून लेथवर नेला, म्हणालो असाच एक करून द्या. त्यानं वरचा आटा मोजला आणि खाली-वर दोन्हीकडं तोच पाडला. पण या स्टडचं खालचं टोक, जे अ‍ॅल्युमिनियमच्या केसमध्ये जातं, ते जाड आट्याचं असतं, १८ चं, मऊ धातूला बारीक आटा धरत नाही म्हणून. दोन टोकं, दोन वेगळे आटे, एकाच दोन इंचाच्या तुकड्यावर. नवीन स्टड खाली लागेना म्हटल्यावर मी एका ओळखीच्या फिटरला बोलावलं आणि त्यानं "साहेब, टॅप मारून देतो" म्हणत केसच्या भोकात सरळ आठ एमएमचा टॅप मारला, म्हणजे नवीन आटे कापले. मी शेजारी उभा होतो. चहा पीत होतो. १९४३ सालची केस, आणि मी चहा पीत होतो.

ते भोक नंतर मोठं करून, आत थ्रेडचं इन्सर्ट, म्हणजे आटे असलेली नळी, घालून दुरुस्त झालं, त्यामुळं तुमचं असं झालं असेल तर लगेच गाडी भंगारात घालू नका, मी आठवडाभर जेवलो नव्हतो पण काम दोन तासांचं निघालं.

नंतर मिरजेत एक म्हातारे मिस्त्री भेटले, त्यांना मी चाचा म्हणतो. त्यांनी मला फुकट शिकवलं ते असं: ज्या बोल्टची खात्री आहे तो एका हातात, नवीन दुसऱ्या हातात, दोन्हीचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडं धरायचे. पूर्ण लांबीत फट दिसली नाही तर आटा एक. कुठं उजेड झिरपला तर परत ठेवून यायचा, दुकानदार कितीही काहीही म्हणू दे. शिवाय आटे मोजायचं एक थ्रेड गेज घ्या, व्हिटवर्थची आणि मेट्रिकची पानं दोन्ही असलेलं, पेट्रोलच्या एका फेरीपेक्षा स्वस्त पडतं. चाचांना गेज लागत नाही, ते नख फिरवून सांगतात २६ का २२. आपल्याला लागतं.

हो, आणि पाने. १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा नटाचे कोपरे खातो असं झालं तर समजा की तिथं पाव इंची व्हिटवर्थचा पाना लागतो, जो खरं १३.३ मिमीचा आहे. त्या पान्यावर जो आकडा असतो तो बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नाही. जुन्या बाजारात हे पाने किलोवर मिळतात, पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर जा, दहानंतर ऊन आणि भाव दोन्ही चढतात.

बाकीचं पटापट. पार्टचं नाव सांगून कधीच मागू नका, नंबर सांगा. बीएसएचं छापील पार्ट बुक स्कॅन केलेलं मिळतं, एम२० चे बरेच नंबर ६६ नं सुरू होतात, आणि त्यातली चित्रं दिवसभर बघत बसलात तरी वेळ वाया जात नाही. याच मॉडेलला १९४८ पासून गर्डरऐवजी टेलिस्कोपिक फोर्क आला, त्यामुळं नुसतं "एम२० चं पुढचं चाक आहे का" असं विचारलं की विकणारा हो म्हणणारच, त्याचं काय जातंय. आणि इंजिन नंबर न् फ्रेम नंबर जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, त्या काळच्या बीएसएला ते कारखान्यातूनच जुळत नसत. ट्रायम्फवाले मित्र तुम्हाला घाबरवतील कारण त्यांच्यात जुळतात. कागद मात्र बघा. आरसी नसलेली गाडी कितीही सुंदर असली तरी हात लावू नका, नंतर रडाल. २०२१ च्या केंद्राच्या नियमात पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात असायला लागते, म्हणजे आपण हा सगळा खटाटोप करतो त्याला आता सरकारी कारणही आहे.

ओरिजिनल म्हणजे चकचकीत, हे डोक्यातून काढा. मी पहिल्या वर्षी टाकीला लावायचे रबरी नी-ग्रिप घेतले, चांगले महाग. मग कळलं की १९४२ ला जपाननं मलाया घेतल्यावर ब्रिटिशांना रबराचा तुटवडा झाला, आणि माझ्या सालच्या गाडीला नी-ग्रिप नव्हतेच, फुटरेस्ट नुसते लोखंडी आणि हँडलच्या मुठी कॅनव्हासच्या. ते रबर अजून पेटीत आहे. क्रोम तर करूच नका. रिस्टोरेशनच्या नावाखाली नट-बोल्ट स्टेनलेसचे करून गाडी नवरीसारखी सजवणारे आहेत, त्यांच्याकडं एकदा बघून या, पण गाडी देऊन येऊ नका. माझं मत आहे, राग येऊ देऊ नका.

स्पीडोमीटर घेताना काटा बघा. स्मिथ्सचा खरा क्रोनोमेट्रिक काटा टक-टक करत टप्प्याटप्प्यानं सरकतो, नकली काटा गुळगुळीत चढतो. डायल दोन्हीची हुबेहूब. कार्ब्युरेटरला मात्र जास्त हिंडू नका, या गाडीला लागणारे अमल कंपनीचे अजून इंग्लंडमध्ये नवीन बनतात, जुना झिजलेला घासत बसण्यापेक्षा पैसे साठवून एकदाच घ्या. मॅगडायनो, म्हणजे ठिणगी न् दिव्याची वीज देणारी जोडी, गरम झाल्यावर ठिणगी देईनासा होत असेल तर पहिला संशय कंडेन्सरवर, आणि तिथं "जुना पण न वापरलेला, सीलबंद" हा शब्द ऐकून भुलू नका, कंडेन्सर डब्यात बसून पण मरतो. लोखंडी पार्ट जुन्या स्टॉकचा असेल तर डोळे झाकून घ्या, रबर न् कंडेन्सर कधीच नाही.

बीएसए हे नाव आता महिंद्राच्या घरात आहे, नवीन गोल्ड स्टार पण निघाली. तिचा न् आपल्या गाडीचा एक स्क्रूसुद्धा जुळत नाही, शोरूममध्ये जाऊन विचारू नका. मी विचारलंय.

परदेशातून मागवायचं तर ओळखीचं माणूस असेल तर उत्तम. माझा मावसभाऊ कॉव्हेंट्रीला असतो, तो एप्रिलमध्ये स्टॅफर्डच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात जाऊन माझ्यासाठी क्लचचा लिव्हर घेऊन आला, पौंड मोजून, बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळून. घरी आईसमोर उघडला तर डब्यावर बारीक अक्षरात मेड इन इंडिया. आई म्हणाली, "अरे मग हा इतका फिरून का आला?" लिव्हर चांगला निघाला पण. पिव्हटचा बोल्ट उजेडाकडं धरून बघितला, बसला.

हॉर्न अजून मिळालेला नाही. लुकासचा ऑल्टेट हवाय, कोणाकडं फुटका असला तरी चालेल, फक्त मागच्या स्क्रूंना एम५ चे टॅप मारलेले नकोत, ते बीए नावाच्या ब्रिटिश बारीक आट्याचे असतात.