नोकरी सोडून जागा आणि व्याजबट्ट्यात उतरणाऱ्यांसाठी

हिंजवडीला एका विमा कंपनीच्या बॅक ऑफिसात तेरा वर्षं काढून मी २०२० साली बेळगावच्या वडगावला परत आले. आई म्हणाली, "एवढा पगार सोडून जागेच्या धंद्यात? लोक काय म्हणतील की गं." लोक काही म्हणाले नाहीत. उसने पैसे मागायला मात्र दुसऱ्याच आठवड्यात आले.

राजीनाम्याआधीची कामं पगार चालू असतानाच उरका. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, तेव्हा स्वतःची पॉलिसी आधी सुरू करा. पगाराची स्लिप बंद झाली की बँक दोन-तीन वर्षांचे आयकर रिटर्न मागते आणि नव्या धंद्यात दाखवायला काही नसतं, हेही धरून चाला. घरखर्च दोन वर्षांचा वेगळा ठेवा. मी दीड वर्षाचा ठेवला होता. सतराव्या महिन्यात दोन बांगड्या सोसायटीत गहाण गेल्या.

आता जागा. आपल्याकडे या धंद्यातलं खरं काम म्हणजे कागद वाचणं. माझी शाळा मराठी, कन्नड अडखळत वाचायची, आणि आरटीसी उतारा, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, कन्नडमध्ये. एजंट वाचून दाखवतो त्यावर विसंबू नका. निदान तीन रकाने स्वतः वाचायला शिका: नववा मालकाचा, दहावा जमीन त्याच्याकडे कशी आली याचा, अकरावा बोजाचा. जमीन सरकारकडून अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला मिळालेली असेल तर १९७८ च्या कायद्याप्रमाणे सरकारच्या परवानगीशिवाय तिची विक्री होत नाही, मधे कितीही हात बदललेले असोत. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळे जुनी खरेदीपत्रं मराठीत, काही तर मोडीत सापडतात. ती वाचणारा माणूस शोधून ठेवा.

ई.सी., म्हणजे जागेवरच्या बोजाचा आणि व्यवहारांचा दाखला, काढताना वकील पंधरा वर्षांची पुरे म्हणतात. तीस वर्षांची काढा. पण ई.सी.त फक्त नोंदणी झालेले व्यवहार येतात, भावकी येत नाही. मी तिथेच फसले. तीस बाय चाळीसचा प्लॉट, एन.ए. (बिगरशेती) झालेला, दोघा भावांच्या सह्या, सगळं स्वच्छ. आठ महिन्यांनी कोर्टाची नोटीस आली: त्या भावांची बहीण, महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात दिलेली, तिचं नाव वंशावळीत घातलंच नव्हतं. जमीन वडिलोपार्जित, २००५ पासून मुलीचा हिस्सा मुलाएवढाच. सीमाभागात हे फार होतं. मुली चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याला दिलेल्या असतात आणि वंशावळ करताना हद्दीपलीकडची लेक सोयीनं विसरली जाते. आता मी आधी विकणाऱ्याच्या घरी चहाला जाते आणि म्हातारीला विचारते, "मुली किती, आणि कुठं कुठं दिल्यात?" तिला सगळ्यांची नावं पाठ असतात.

नोंदणी न करता नुसत्या बाँडवर (स्टँप पेपरवर) लिहून दिलेला प्लॉट स्वस्त मिळतो, घेऊ नका. शंभराच्या बाँडवर मालकी येत नाही. शेतजमिनीचा तुकडा असेल तर ११ ई नकाशा (तुकड्याच्या मोजणीचा), गावातली जागा असेल तर ई-स्वत्तूचे (ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचे) फॉर्म ९ आणि ११, शहरालगत असेल तर बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी. हे नसेल तर पुढची बोलणीच नकोत. खरेदीचा खर्चही धरा: ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी फी एकाची दोन टक्के झाली, ती, स्टँप आणि सेस मिळून साडेसात टक्क्यांच्या वर जातं. आणि पावसाळ्यात एकदा जागा बघाच. वडगाव-येळ्ळूरकडची काळी जमीन भाताला सोनं, पण घराच्या पायाला पैसे खाते. त्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी कुठवर चढतं ते जुलैतच कळतं.

व्याजानं पैसे देणं हे याहून नाजूक. एखाद्याला अडीनडीला हातउसने दिले तर तो धंदा होत नाही. नेहमी व्याजानं द्यायचे तर १९६१ च्या कर्नाटक सावकारी कायद्याखाली सहकार खात्याचा परवाना लागतो. तो नसेल तर वसुलीचा दावा कोर्टात टिकत नाही. दरही ठरलेला: तारण असेल तर वर्षाला १४ टक्के, बिनतारणी १६. बाजारात 'शेकडा तीन' म्हणतात ते महिन्याचं, म्हणजे वर्षाला ३६. त्या मोहात पडलात तर जादा व्याजाचा २००४ चा कायदा आहे, आणि २०२५ पासून वसुलीसाठी दमदाटी केली तर दहा वर्षांपर्यंत कैद. पैसे खात्यावरूनच द्या. वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीनं घेतलं तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, हे त्याला सांगितलं की तोही रोख मागत नाही. नुसती प्रॉमिसरी नोट तीन वर्षांत मुदतबाह्य होते, ती संपायच्या आत बाकीची लेखी कबुली घ्या. मी मोठी रक्कम नोंदणी केलेल्या गहाणखताशिवाय देत नाही, आणि गहाणाचे कागद खरेदीसारखेच तपासते, म्हातारीच्या चहासकट.

नातेवाइकांना मात्र व्याजानं देऊच नये असं माझं मत झालंय. मामांना नाही म्हणायला मला एक वर्ष लागलं. परवाना दाखवला, दर दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "आमच्याशी पण कायदा काय?" म्हटलं, "व्हय मामा, तुमच्याशी आधी."

त्या प्लॉटचा दावा अजून चालू आहे. गेल्या उन्हाळ्यात चंदगडच्या त्या बाई स्वतः घरी आल्या, पिशवीभर काजू घेऊन. माझा राग भावांवर आहे, तुझ्यावर नाही, म्हणाल्या. चहा झाला, आणि मग हळूच विचारलं, "तू पैसे देतीस म्हणं. मुलीचं लग्न हाय. त्या जागेतल्या माझ्या हिश्शावर किती मिळतील?"