गाडीच्या दाराच्या पत्र्याचा गंज काढून घरीच रंग कसा द्यावा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा आमची मारुती ८०० दोन दिवस पाण्यात होती. इंजिन नंतर सुरू झालं, पण दोन पावसाळ्यांत दारांच्या खालच्या कडेला रंगाचे फोड आले. एका गॅरेजात वरूनच पुट्टी भरून रंग मारून दिला. सहा महिन्यांत तो पुन्हा फुगला, कारण गंज आतून येत होता.

म्हणून आधी दाराचं आतलं पॅड काढा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरायची भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. आमच्या एका दारातून ओंजळभर गाळ निघाला, पिठासारखा मऊ. आतून धुऊन दार दोन दिवस उन्हात वाळवा.

मग फोडावर स्क्रू ड्रायव्हरची मूठ हलकेच आपटा. खणखणीत वाजलं तर पत्रा शाबूत. बद्द वाजलं किंवा टोक दाबल्यावर आत शिरलं, तर पत्रा सडलाय. तेवढा तुकडा वेल्डरकडून बदलून घ्या. भोकावर पुट्टी टिकत नाही.

शाबूत पत्रा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. भोवतीचा दोन बोटं चांगला रंगही उतरवा. थिनरच्या फडक्याने पुसून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा अस्तराचा रंग, लावा. उघडा पत्रा रात्रभर राहिला, तर सकाळी तांबूस दिसतो.

पुट्टी लिंबाएवढीच घ्या. १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम हार्डनर, म्हणजे पुट्टी घट्ट करणारी लाल पेस्ट, पुरतो. राखाडी पुट्टीत लाल रेघ दिसेनाशी होईपर्यंत भरभर कालवा, कारण पाचेक मिनिटांत ती घट्ट होते. थर ३ मिलिमीटरच्या वर नको. अर्ध्या तासाने लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून आधी १८०, मग ३२० नंबरने घासा, तेही कोरडंच. पुट्टी पाणी पिते आणि ते पाणी पुढे रंगाखाली गंज धरतं. सपाटी डोळ्याला कळत नाही. डोळे मिटून तळहात फिरवा, खोलगा लगेच लागतो.

त्यावर पुन्हा प्रायमर, आणि वाळल्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर.

रंगाला दिवस नीट निवडा. गाळप हंगामात पाचट पेटवतात, त्याची काळी राख उडत येऊन ओल्या रंगावर बसते. मला एप्रिलची सकाळ बरी वाटते. वारा कमी असतो आणि वळीव आलाच तर दुपारनंतर. गाडीच्या रंगाचा कलर कोड बॉनेटखालच्या किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर सापडतो. काचा, रबर कागदाने झाका. स्प्रे कॅन वीतभर अंतरावर धरून तीन पातळ हात द्या, मध्ये दहा मिनिटं थांबा. जाड हात ओघळतो. शेवटी पारदर्शक लॅकरचे दोन हात. हार्डनर मिसळायचा क्लिअर, म्हणजे गॅरेजातला पारदर्शक लेप, घरी मारू नका. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असतं आणि साधा मास्क ते अडवत नाही.

आठवड्याने कंपाउंडने, म्हणजे घासून चमक आणणाऱ्या पेस्टने, चमकवा. मग काचेच्या फटीतून तांब्याभर पाणी ओता. ते खालच्या भोकांतून लगेच वाहिलं पाहिजे. नाही वाहिलं, तर पॅड पुन्हा काढा.