पाटणादेवीच्या जंगलात जाताय? या चुका टाळा

पावसाळ्यातला रविवार आला की देवीचं मंदिर, केदारकुंडाचा धबधबा, कण्हेरगड किल्ला, पितळखोऱ्याची लेणी सगळं एका दिवसात उरकायचं ठरतं, आणि चाळीसगावातून निघायलाच अकरा वाजतात. मग घाई होते, आणि घाईत वाट चुकते. हे गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, इथे बिबट्याचा वावर आहे. कण्हेरगड किंवा पितळखोरा, एका दिवशी एकच धरा. सकाळी सातला पायथा गाठा आणि उजेड असतानाच जंगलाबाहेर पडा.

जिवावर बेतते ती ओढ्यातली चूक. जाताना पाणी घोट्याएवढं, वर ऊन पडलेलं, म्हणून मंडळी निर्धास्त पलीकडे जातात. तिकडे घाटमाथ्यावर तासभर पाऊस कोसळतो. काळ्या कातळात पाणी मुरत नाही, दरी अरुंद, उतार खडा. सगळा लोंढा एकदम खाली उतरतो. परतीला तोच ओढा कमरेला लागतो आणि पोरं हातांची साखळी करून उतरतात. एकाचा पाय शेवाळावर सरकला की तो शेजारच्यालाही ओढून नेतो. ३१ ऑगस्ट २०२१ ला घाटातल्या पावसानं डोंगरी आणि तितूर या नद्या चाळीसगावात शिरल्या होत्या. त्याच डोंगरातलं हे पाणी आहे.

ओढ्यात उतरण्याआधी पाण्याच्या कडेला खुणेचा दगड ठेवा. तो बुडाला, नितळ पाणी गढूळलं किंवा काटक्या-पालापाचोळा वाहत आला, की फोटो सोडून वर या. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी ओलांडू नका. पलीकडे अडकलात तर उंच काठावर थांबा. पाऊस उघडला की असा ओढा काही तासांत उतरतो. यासाठीच दोन भाकरी आणि ठेचा शेवटपर्यंत राखून ठेवावा.

आग्या मोहोळाची पोळी कड्यांना आणि उंच झाडांना असतात. लेण्यांपाशी धूर, अत्तर, दगड, स्पीकर काही नको. माशा उठल्याच तर हात झाडू नका. तोंड-मान कापडानं झाकून लांब पळत सुटा, पाण्यात बुडी मारू नका, कारण माशा वर घिरट्या घालत राहतात. काटा नखानं लगेच खरवडून काढा. श्वास लागला किंवा ओठ सुजले तर थेट दवाखाना.

गडावरून उतरताना गवतातून सरळ खाली जाणारा शॉर्टकट घेऊ नका. गवताखाली सुटा मुरूम असतो, आणि दहा मिनिटं वाचवण्यापायी घोटा मोडतो. मळलेल्या वाटेनंच उतरा.

माणशी तीन लिटर पाणी घ्या. चपला नकोत. माकडांसमोर पिशवी उघडू नका. एप्रिल-मेच्या उन्हात चढाईचं नावच काढू नका.

पावसाळ्यानंतर खाजकुयलीच्या शेंगांना हात लावू नका. कुसळं लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टीनं उचलून काढा आणि मगच धुवा.